चित्रनगरीत एक दिवस : कुटुंबाच्या सहलीची आखणी

उन्हाळ्याची किंवा नाताळची सुट्टी लागली की हैद्राबादेत स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैद्राबाद एकाच राज्यात होते. त्यामुळे नांदेड, परभणी, जालना या बाजूची सोयरीक अजून टिकून आहे. शिवाय सोलापूर, बेळगाव व इंदूरकडचीही मंडळी येतात. चारमिनार, सालारजंग संग्रहालय व गोवळकोंडा ही तीन स्थळे पाहून झाली की मुले चौथे नाव घेतात, आणि खरे पाहता ती त्या चौथ्या नावासाठीच आलेली असतात. ते नाव म्हणजे रामोजी फिल्म सिटी.

या महिन्याच्या कौटुंबिक पाठासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. सहलीसारख्या गोष्टीवर पाठ कशाला लिहावयाचा, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आमच्या घरच्या एका सहलीत जे घडले ते आठवले की आम्हांला आजही ओशाळल्यासारखे होते, आणि ते घडले ते केवळ आखणी चुकल्यामुळे. दुसऱ्या खेपेस आम्ही शहाणे झालो. त्या दोन्ही खेपांचा अनुभव येथे मांडीत आहोत. ज्यांना चित्रनगरीस जावयाचे नाही, त्यांनाही जत्रा, समुद्रकिनारा किंवा दुसरे एखादे उद्यान पाहावयास जाताना यातील बरेचसे उपयोगी पडेल.

स्थळाची ओळख

रामोजी फिल्म सिटी १९९६ साली रामोजी राव यांनी उभारली. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाचे संस्थापक म्हणून ते प्रसिद्ध होते. ८ जून २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. हे स्थळ विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शहराच्या मध्यवस्तीपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ १,६६६ एकर. जगातील सर्वांत मोठा चित्रपट-स्टुडिओ म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली आहे. शेतीवाडी असलेल्या वाचकांनी आपल्या गावच्या शिवाराचा आकडा डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे १,६६६ एकर पायी पाहून होणार नाहीत हे सांगावे लागणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही जागा प्रथम कारखाना आहे व मग करमणुकीचे उद्यान आहे. निर्मात्याने कथा घेऊन आत यावे आणि पुरा झालेला चित्रपट घेऊन बाहेर पडावे, अशी मूळ कल्पना. त्यासाठी राजवाडे, रस्ते, बागा, रेल्वे स्थानक, विमानतळ, तुरुंग, देवळे असे सर्व काही उभे करून ठेवले आहे. 'बाहुबली' हा चित्रपट २०१५ साली व त्याचा दुसरा भाग २०१७ साली आला. कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी त्यासाठी माहिष्मती नगरीचे जे देखावे येथे उभारले, ते नंतर प्रेक्षकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आले. मात्र कोठे चित्रीकरण चालू असले की तो भाग त्या दिवशी बंद असू शकतो. म्हणून 'तुला अमुक राजवाडा दाखवीनच' असे वचन मुलांना देऊ नये. आम्ही एका भाच्याला असे वचन देऊन बसलो होतो. त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला व आइस्क्रीमचे पैसे गेले ते निराळेच.

पहिली खेप

पहिल्या खेपेस आम्ही मे महिन्यात गेलो. हैद्राबादेत त्या दिवसांत पारा चाळिशी गाठतो, आणि हे सारे आवार उघड्या खडकाळ माळावरचे. आम्ही उभयता, आमची दोन मुले, आमची आई, नांदेडहून आलेली ताई, दाजी व त्यांची दोन मुले अशी एकंदर नऊ माणसे. मुलांनी आदल्या रात्री कागदावर पाहावयाच्या स्थळांची यादी केली. तीत बावीस नावे होती. आम्हीही हसून ती मान्य केली.

सकाळी निघताना दाजी म्हणाले, "माझं डोकं दुखतंय, तुम्ही जाऊन या." आम्ही फारसा आग्रह केला नाही. नांदेडहून एवढ्या लांब आलेला मनुष्य दारात गाडी उभी असताना घरी का थांबतो, हा विचार त्या गडबडीत आमच्या मनात आला नाही. पुढे कित्येक महिन्यांनी ताईच्या तोंडून निघून गेले की चौघांच्या तिकिटांचा आकडा ऐकून ते रात्रभर जागे होते. आमच्याकडून पैसे घेणे त्यांना पटेना व चौघांचे देणे झेपेना. म्हणून त्यांनी आपले एक तिकीट वाचविले.

आत गेल्यावर यादीप्रमाणे धावाधाव सुरू झाली. आईचे गुडघे दुखू लागले, तेव्हा तिला एका झाडाखालच्या बाकावर बसविले. मग ओघानेच पाण्याच्या बाटल्या, डबे, चपला, टोप्या, मुलांनी घेतलेली खेळणी हे सर्व तिच्याजवळ आले. "आलोच तासाभरात," असे म्हणून आम्ही गेलो, आणि रांगांमुळे अडीच तासांनी परतलो. असे तीनदा झाले. ताईचा धाकटा चार वर्षांचा. मारामारीच्या खेळातील स्फोटाचा आवाज ऐकून तो जो घाबरला, तो उरलेला सारा दिवस आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, मांडीवरच होता.

परतताना गाडीत मुले आपण काय काय पाहिले ते मोजीत होती. बावीसपैकी तेरा झाली होती. धाकट्याने विचारले, "आजी, तू काय पाहिलंस?"

"पिशव्या पाहिल्या बाळा," आई म्हणाली व हसली. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र आम्हा दोघांना झोप लागली नाही.

उद्यानाच्या व्यवस्थेत काही उणे नव्हते. उणे होते ते आमच्या आखणीत. नऊ जणांची सहल म्हणून निघालो, एक जण घरी राहिला व एक जण बाकावर. आणि हे दोघेही असे की त्यांनी होऊन तक्रार कधीच केली नसती. घराघरांत अशी माणसे असतात. त्यांच्या न बोलण्यावरच आपल्या सहली पार पडतात.

यादी कोणाची करावी?

दुसरी सहल ठरली ती यंदाच्या जानेवारीत. या वेळी आम्ही स्थळांची यादी बाजूला ठेवली व माणसांची यादी केली. एका वहीच्या पानावर नऊ नावे लिहिली व प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी : किती वेळ चालवते, किती वाजता खावे लागते, आणि कशाची भीती किंवा अडचण वाटते. ही माहिती ज्याची त्याला विचारून लिहावी. आपण तर्काने लिहिली तर चुकते. आईला अर्धा तास चालवते असे आम्ही धरून चाललो होतो. विचारल्यावर कळले की वीस मिनिटे, आणि मध्ये पायऱ्या असल्या तर दहाच.

आईला मधुमेह आहे. ज्यांच्या घरी मधुमेहाचे माणूस आहे त्यांनी येथे थोडे थांबून वाचावे. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतले आणि जेवण मात्र रांगेमुळे दीड तास लांबले, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरणे, घाम सुटणे, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची चिन्हे होत. गर्दीत ती उन्हाची किंवा थकव्याची म्हणून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत लगेच द्यावे, व मग काही खावयास द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवावी. साखरेची पुडी व बिस्किटे ज्याची त्याच्याच खिशात असावीत, सामाईक पिशवीत नव्हे. कारण सामाईक पिशवी नेमकी त्या क्षणी दुसऱ्या रांगेत उभी असते. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, तेव्हा औषधे, तान्ह्या मुलाचा आहार व मधुमेही माणसाचे खाणे यांविषयी आधी दूरध्वनीने विचारून घ्यावे. चाकांची खुर्ची मिळेल काय, हेही त्याच वेळी विचारावे. आईला ती नको होती. "मी काय आजारी आहे?" असे तिचे म्हणणे. तो विषय आम्ही तेथेच सोडला.

मुलांच्या बाबतीत उंची पाहावी. मोठ्या झोपाळ्यांना व फिरत्या खेळांना उंचीची अट असते व ती सुरक्षिततेसाठी असते. दाराशी गयावया करून मूल आत घुसविणे हा शहाणपणा नव्हे. घरीच भिंतीला उभे करून उंची मोजावी व कोणते खेळ मिळणार नाहीत हे मुलाला आदल्या दिवशीच सांगावे. रात्री घरी रडून झाले की सकाळी ते विसरलेले असते. तेथे रांगेच्या शेवटी नकार मिळाला तर सबंध दिवस बिघडतो. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार असलेले, व ज्यांना चक्कर येते अशांनी हलत्या आसनांचे खेळ टाळावेत. काळोख्या भुयारातील भुताखेतांचे देखावे व बंदुकीच्या आवाजाचे प्रयोग लहान मुलांना दाखवावेत की नाही, याचा निर्णय आईबापांनी घरी करून यावा. मोठी भावंडे "काही होत नाही" म्हणतात, त्यांच्यावर सोपवू नये.

आणि घरातील पंधरा वर्षांचा मुलगा? त्याच्या नावापुढे आम्ही लिहिले, 'सर्वांबरोबर फिरण्याचा कंटाळा.' तीही एक अडचणच आहे व तिचाही मान राखावा असे आमचे मत आहे. त्याला दोन तास मोकळे द्यावेत. मग तो उरलेल्या वेळी आजीचा हात धरून चालतो.

पैशाचा हिशेब

आपल्याकडे दोन घरांनी मिळून सहल काढली की पैशाचे बोलणे शेवटपर्यंत कोणी काढीत नाही. मग तिकिटाच्या खिडकीपाशी "मी देतो, मी देतो" अशी ओढाताण होते. ती पाहून आसपासच्या लोकांची करमणूक होते, पण ज्याचा खिसा हलका आहे त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून आकडा महिनाभर आधी सर्वांना सांगावा. तिकिटाचे दर ऋतुमानाप्रमाणे व दिवसाप्रमाणे बदलत असल्याने आम्ही येथे ते देत नाही. ताजे दर संस्थेकडूनच घ्यावेत, आणि मुलांची सवलत वयावर आहे की उंचीवर, हे नीट विचारावे. प्रवेशाच्या रकमेत काय काय येते व कशासाठी निराळे पैसे पडतात, हेही. मग त्यात गाडीभाडे, दोन वेळचे खाणे, चहा, आणि मुलांच्या किरकोळ हट्टासाठी काही रक्कम मिळवावी. आमच्या अनुभवात तिकिटाइतकाच खर्च तिकिटाबाहेर होतो.

दाजींची गोष्ट कळल्यावर या बाबतीत तोड काढली ती आईने. तिने दोन्ही घरांना बिस्किटांचा एकेक रिकामा पत्र्याचा डबा दिला, झाकणाला फट पाडून. जूनपासून ज्याला जे जमेल ते त्याने त्यात टाकावे. कोणी किती टाकले हे कोणी पाहावयाचे नाही. रविवारी उपासनेत दानाची पिशवी फिरते तेव्हा शेजाऱ्याची मूठ आपण उघडून पाहत नाही, तसेच हे. मुलांनीही खाऊच्या पैशातून नाणी टाकली. जानेवारीत दोन्ही डबे आईने दार लावून घेऊन एकत्र केले व खर्चाची रक्कम एका पाकिटात घालून दाजींच्या हाती दिली. "सगळा कारभार तुमच्याकडे," ती म्हणाली. गाडी ठरविणे, भाव करणे यांत दाजी मुळातच वाकबगार. त्यांनी नऊ माणसांची गाडी दिवसभरासाठी ठरविली ती आम्हांला जमली नसती अशा भाड्यात. कोणत्या घरचे किती होते, हे आम्हांला अजून ठाऊक नाही.

थोडी माणसे असतील तर गाडी करण्याची गरज नाही. मेट्रोने एल. बी. नगर या शेवटच्या स्थानकापर्यंत यावे व तेथून हमरस्त्याने बस किंवा रिक्षाने जावे. मुख्य फाटकापासून आतले उद्यान बरेच दूर आहे. तेथपर्यंत संस्थेच्या बसने नेतात. त्या वेळाचा हिशेब धरावा.

दिवस कोणता निवडावा याचेही थोडे. रविवारी उपासना सोडून जावयाचे नाही असा आमच्या घरचा नेम आहे. पण तो नेम नसता तरी रविवारी गेलो नसतो, कारण त्या दिवशी गर्दी सर्वांत अधिक. मधला एखादा वार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतला, सर्वांत चांगला.

दिवसाची वाटणी

सकाळी दार उघडण्याच्या वेळी पोहोचावे. जेवढा उशीर, तेवढ्याच पैशात तेवढे कमी पाहून होते. आत देखावे दाखविणाऱ्या लाल रंगाच्या उघड्या बसगाड्या आहेत व त्यांत माहिती सांगणारा वाटाड्या असतो. ही फेरी आम्ही सकाळीच घेतली. ऊन कोवळे असते आणि म्हाताऱ्या माणसांना बसल्या बसल्या पुष्कळ पाहावयास मिळते. मध्ये काही ठिकाणी उतरावे लागते. आईने दोन ठिकाणी उतरावयाचे व बाकीच्या ठिकाणी गाडीजवळच थांबावयाचे असे ठरवून टाकले होते. पक्ष्यांची बाग, फुलपाखरांची बाग, बोन्साय झाडांची बाग यांपैकी तिने पक्ष्यांची निवडली.

जेवण साडेबाराच्या आत उरकावे. एक वाजला की सर्वांना एकदम भूक लागते. दुपारचे दोन-तीन तास छपराखालच्या प्रयोगांना द्यावेत. तेथे बसावयास मिळते व ऊन चुकते. उन्हे कलल्यावर मोठ्या मुलांचे खेळ, आणि संध्याकाळी निरोपाचा कार्यक्रम असतो तो सर्वांनी मिळून पाहावा.

दुपारी आम्ही दोन तुकड्या केल्या. दाजी व मोठी मुले एकीकडे, आई व लहान मुले दुसरीकडे. भेटण्याची जागा व वेळ आधी ठरविली, आणि ती जागा प्रत्येकाला प्रत्यक्ष नेऊन दाखविली. मोबाइल आहे म्हणून या गोष्टीची टाळाटाळ करू नये. त्या गोंगाटात घंटी ऐकू येत नाही व दिवसभर छायाचित्रे काढून दुपारपर्यंत यंत्र बंद पडते. लहान मुलाच्या खिशात आईबापाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी आणि हरवल्यास गणवेशातील माणसाजवळ जाऊन उभे राहावयाचे, एवढेच त्याला शिकवावे.

पिशव्यांपाशी कोणी तरी बसावेच लागते. ते टळत नाही. म्हणून आम्ही बाकाची पाळी लावली. अर्धा अर्धा तास, वहीत नावानिशी. चार वर्षांचा, आता मोठा झालेला, धाकटा वगळता कोणी सुटले नाही. आईचीही एक पाळी होती, कारण तिला वगळले असते तर तिला ते आवडले नसते. आमच्या पंधरा वर्षांच्या चिरंजीवांनी आपल्या पाळीत कुरकुर केली. तेव्हा आईने त्याला विचारले, "मागच्या खेपेस मी किती वेळ बसले होते रे?" त्याने हिशेब केला असावा. पुढे बोलला नाही.

बावीस नावांची ती जुनी यादी आम्ही बरोबर नेली होती. यंदा मुलांनीच तीतली तेरा नावे खोडली. आणखी काय पाहता येईल यापेक्षा आज काय सोडून द्यावयाचे, यावर त्यांचा वाद झाला, व तो ऐकण्यासारखा होता.

काय पाहावे व कसे पाहावे

मुलांना केवळ खेळांपुरते नेले तर गावची जत्राही पुरेशी आहे. चित्रनगरीत पाहावयाचे ते हे, की खोटे खरे कसे दिसते. राजवाड्याच्या खांबावर बोटाने टकटक करून पाहावे. दगडाचा नाद येत नाही. आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा, वर प्लायवूड, प्लॅस्टर ऑफ पॅरिस किंवा फायबर, आणि त्यावर रंगाऱ्याने काढलेली दगडाची शीर व पावसाचे डाग. इमारतीच्या मागे जाऊन पाहावे. पुष्कळदा मागे काहीच नसते. कॅमेऱ्याला जेवढे दिसते तेवढेच बांधावयाचे, हा साधा काटकसरीचा नियम. एकाच इमारतीच्या निरनिराळ्या बाजूंना निरनिराळे चेहरे दिलेले असतात. पाटी बदलली की गाव बदलते. 'बाहुबली'तील नगरी पडद्यावर जेवढी अफाट दिसते तेवढी प्रत्यक्षात कोठेच नाही. थोडा भाग बांधलेला आणि बाकीचा संगणकावर जोडलेला आहे.

एका प्रयोगात प्रेक्षकांतीलच एखाद्या मुलीला जागच्या जागी उभ्या असलेल्या टांग्यावर बसवितात. तिने काल्पनिक घोड्याला हाकावयाचे, टांगा माणसांनी हलवावयाचा, टापांचा व चाबकाचा आवाज निराळा भरावयाचा. मग हे सारे जोडून पडद्यावर दाखविले की टांगा भरधाव धावताना दिसतो. ताईच्या मुलीने हे पाहून विचारले, "मग सिनेमात खरं काय असतं?" याचे उत्तर आईबापांनी तयार ठेवावे. आम्ही तिला एवढेच म्हणालो की टांगा हलविणाऱ्यांना घाम येत होता, तो खरा. तिला ते पुरले नाही, व पुरू नये हेही ठीकच.

येथे थोडा इतिहास सांगावयास हरकत नाही, कारण तो आपल्याच भाषेच्या माणसांचा आहे. ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल की आपल्या मंडळ्यांतून एके काळी सिनेमास जाणे चांगले समजत नसत. परंतु धुंडिराज गोविंद फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली ती १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहून. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमात लागला. तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाच्या उपाहारगृहातील आचाऱ्याने ते केले. घरातच स्टुडिओ होता. सरस्वतीबाई फाळके सर्व कामकऱ्यांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही करीत. पुढे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांनी रंगविलेल्या पडद्यांऐवजी उभे केलेले भरीव देखावे वापरण्यावर भर दिला, आणि १९२९ साली तेथेच प्रभात फिल्म कंपनी निघाली. ती १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. हैद्राबादच्या माळावरील हे १,६६६ एकर एका अर्थाने त्या पडद्याचेच वाढलेले रूप होय.

हे आम्ही बसमध्ये मुलांना सांगत होतो, आणि ती ऐकत होती न ऐकत होती. तेवढ्यात आई बोलू लागली. तिचे माहेर कोल्हापूरचे. लहानपणी ती मैत्रिणींबरोबर भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या बाजूला जाऊन उभी राही. एकदा फाटकातून तिला किल्ल्याचा बुरूज दिसला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने त्याचा एक कोपरा फाटला होता व आतून बांबू आणि गोणपाट दिसत होते. मावळ्याच्या वेषातला एक माणूस बुरुजाला टेकून विडी ओढीत होता. "त्यानं आम्हाला हाकललं," आई म्हणाली, "पण मिश्या एका बाजूनं सुटल्या होत्या त्याच्या."

आम्ही हे तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मुले तर उड्या मारून पुढच्या आसनावर आली. पुढच्या ठिकाणी आईने उतरावयाचे नव्हते, पण ती उतरली. काठीच्या टोकाने तिने एका तटाच्या भिंतीवर ठोकले, मान हलविली व म्हणाली, "आमच्या बुरुजापेक्षा पक्कं आहे." मागच्या खेपेस ती याच आवारात सबंध दिवस बसली होती, आणि तिला काय ठाऊक आहे हे विचारावयास आम्हांपैकी कोणाला सुचले नव्हते.

घरी बसून ठरवावयाचे

पुढील सहलीपूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, लहानांनीही. वही घ्यावी. आपल्या घरात मागच्या सहलीत घरी कोण राहिले होते व का, हे आठवावे. त्यांनी दिलेले कारण खरे होते काय, हे एकांतात विचारावे, सर्वांपुढे नव्हे. कोणाला किती चालवते हे ज्याचे त्याने सांगावे. बाकाच्या पाळ्या लावाव्यात व पहिली पाळी ज्याने सहल सुचविली त्याने घ्यावी. ज्या वडीलधाऱ्यांना बरोबर नेत आहोत त्यांचा त्या ठिकाणाशी किंवा त्या विषयाशी पूर्वीचा काही संबंध आहे काय, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे.

आणि रात्री नऊ वाजता दमून घरी आल्यावर चुलीपाशी कोण उभे राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे. नाही तर सर्व जण पाय पसरून बसतात व घरातील बाई पदर खोचते. आम्ही आदल्या रात्री खिचडीचे डाळ-तांदूळ निवडून डब्यात काढून ठेवले होते. आल्यावर कुकर दाजींनी लावला. मीठ थोडे अधिक पडले होते, पण कोणी शिल्लक ठेवली नाही.